हरवलेले सात मोजे

तुमच्याकडेही धुण्यातून मोजे हरवतात ना? आम्ही ग्लासगोला राहतो; गेल्या हिवाळ्यात बाळाचे सात मोजे गेले. मी आपली रोज वॉशिंग मशीनला शिव्या घालायचे.

त्याच हिवाळ्यात बाळाच्या कॉटमागच्या भिंतीवर काळी बुरशी आली आणि बाळ खोकायला लागलं. मी फोनवर भांडभांडून घरमालकाला बोलावलं. त्याने भिंत पाहिली, खिडकीवरच्या हवेच्या फटीत बोट घातलं आणि एक पिवळा मोजा बाहेर ओढला. मग निळा. मग उरलेले पाच!

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या पुण्याहून खास बाळासाठी आल्या होत्या.

"अगं, तिथून गार वारं यायचं. बाळाला लागलं असतं!"

"अहो आई, हवा कोंडली म्हणून तर बुरशी आली!"

"हा घरमालक काय म्हणतोय?"

"बाळाला आजपासून दुसऱ्या खोलीत झोपवा म्हणतोय. उद्या तो मास्क, हातमोजे घालून भिंत साफ करणार आहे. आणि खिडकी रोज उघडायची."

भिंत साफ झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी पाहते तर खिडकी सताड उघडी आणि कोट, मफलर, कानटोपी घालून सासूबाई तिथे पहाऱ्याला बसलेल्या.

"आई, हे काय?"

"वारं भिंतीला लागू दे. मला कशाला?"

महिन्याभरात भिंत कोरडी झाली, खोकलाही गेला. आता पुण्याहून सासूबाईंचा फोन आला की बाळाच्याही आधी विचारतात, "भिंतीची तब्येत कशी आहे?"