कॉलर

मानेला पट्टा लावलेला कारकून दवाखान्यात नंबराची वाट बघत होता. शेजारी दोघी बहिणी बोलत होत्या.

"अगं, दरमहा बिनबोभाट येणारा पगार सोडून घरी शिलाई करणार तू?"

"ताई, कारखान्यात दिवसभर नुसत्या कॉलर जोडायच्या. मान वर केली की मुकादम ओरडतो."

"आणि घरी मान दुखणार नाही?"

"घरी कॉलर झाली की उठेन, कापड बेतेन, इस्त्री करेन. अख्खा शर्ट माझा."

"गिऱ्हाईक आलंच नाही तर?"

"तर तुझे जुने कपडे उसवेन. पण हात रिकामा ठेवणार नाही."

"पहिल्यापासून हट्टी."

मान वळेना, म्हणून कारकुनाने अख्खं अंगच वळवलं.

"बाई, या पट्ट्यावरून बसेल अशी कॉलर शिवाल का?"

धाकटीने पर्समधून टेप काढली. दुसरं टोक थोरलीने धरलं.