साळ्याची मान अन् धानाचा काटा

माझा आजा धानाच्या कट्ट्याकडे, म्हणजे पोत्याकडे, नुसता पाहून वजन सांगे, बापही सांगे, काट्यावर चढवला की किलोचाही फरक निघत नसे, अन् घराण्यातली तेवढी एकच गोष्ट माझ्या हाती आली, नाहीतर मी काही कामाचा माणूस नाही, आत चुलीपाशी बायकोले विचारा, तीच सांगेल. आमची शेती साकोलीजवळची. कुस्ती मी जन्मात एकदाच खेळलो, तेही पाठीवर पडाले. पण गावानं दंगलीत जोड लावायचं काम मलेच देल्लं. म्हणजे कसं, दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, जत्राच म्हणा, मंडईत इनामाची कुस्ती होते, पहिलवान आखाड्यात फिरतात, मी दोघायले डोळ्यानं तोलायचो अन् एकाचा हात दुसऱ्याच्या हातात द्यायचो. पंधरा वर्षं कोणी शब्द काढला नाही.

आता माझा साळा. दामोदर, बायकोचा लहान भाऊ, आसगावचा. अंगानं शेलाटा, पण तोंड पाच पहिलवानायचं. आणीबाणी उठली त्याच्या दुसऱ्या वर्षी मंडईले पाहुणा आला अन् पंगतीत सगळ्यायसमोर म्हणे, भाऊजी, सोताले खेळता येत नाही म्हणून दुसऱ्यायचे हात धरत फिरता का? साऱ्या बायका हासल्या, माझी बायको सगळ्यात जास्त. दुपारी तोच आखाड्यात उतरला. तुमसरकडचा एक दांडगा गडी उभा होता, त्याच्याकडे हात करून म्हणे, याच्यासंग लावा. मी दोघायकडे पाहिलं. काय सांगू तुम्हाले, पाहिलं म्हणजे चांगलंच पाहिलं. मनात म्हटलं, एकदा पडू दे, तोंड तरी बंद होईल. अन् हात हातात देल्ला.

डफ वाजून राहिले होते, तरी दामोदरच्या मानेचा आवाज मले ऐकू आला. बैलबंडीत टाकून साकोली, साकोलीहून भंडारा, दोन महिने मानेले पट्टा. जीव वाचला, मान नाही वाचली.

मग सरकार जागं झालं. एक साहेब साकोलीले आले, म्हणे दंगल कायमची बंद करायची का नियम लावून चालू ठेवायची, दोन्ही बाजू ऐकून वर लिहून धाडतो. कचेरीच्या आवारात आंब्याखाली खुर्च्या मांडल्या. शाळेचे मास्तर उठले, म्हणे बंद करा, माणसं आहेत का झुंजवायचे कोंबडे? एक म्हातारा पहिलवान उठला, म्हणे मास्तर, आखाडा गेला त पोट्टे दारूच्या भट्टीवर बसतील, तिथं तुम्ही जाल का शिकवाले? हा आरडाओरडा. मी आंब्याच्या मागं लपून बसलो, पण माझ्यासारखं पोट कुठं लपते! दामोदर समोरच्या खुर्चीत, बाजूले माझी बायको. दोन महिन्यांपासून माझ्याशी बोलत नव्हती, नुसतं ताट सरकवून द्यायची.

साहेबानं विचारलं, जोड कोण लावते? सारे माझ्याकडे वळले, एक दामोदर सोडून. त्याले वळता येत नव्हतं.

कोणीतरी म्हणे, हा डोळ्यानंच तोलते. खरंच वजन कळते का तुम्हाले, म्हणत साहेबानं बाजूच्या गोदामातून धानाचा काटा आणवला. शिपायाले उभं केलं. मी म्हटलं, बावन्न. काट्यावर बावन्न. मास्तर, अठ्ठावन्न, बराबर. मग साहेब सोता चढले. मी म्हटलं, एक्क्याऐंशी, पण जोडे काढले त ऐंशी. अन् जोडे काढून निघाले ऐंशी! लोकायनं टाळ्या पिटल्या, म्हणे पाहा साहेब, नियमाची गरजच कायले? अन् मीही फुगलो, लाज नाही.

तवा साहेबानं हळूच विचारलं, मग त्या दिवशीचे दोघं किती किलोचे होते?

टाळ्या थांबल्या. म्हातारा पहिलवान डोळ्यानं खुणावून राहिला, चुकलं म्हण, चुकलं म्हण. म्हटलं असतं त मी सुटलो असतो, पण असा तयार डोळाही चुकते म्हटल्यावर साहेब दंगल बंदच करणार होते. अन् माहीत होतं म्हटलं, त पाप माझ्या एकट्याचं. बायको माझ्याकडे पाहून राहिली होती, दोन महिन्यांत पहिल्यांदा. मी म्हटलं, साहेब, दामोदर त्रेसष्ट, तो गडी ब्याण्णव. मले माहीत होतं. याचं तोंड बंद करायचं होतं मले.

दामोदर उठला, अरुंद गल्लीत बंडी वळवावी तसा अख्ख्या अंगानं माझ्याकडे वळला. मले वाटलं, मारते आता. मारलं असतं त बरं झालं असतं. म्हणे, साहेब, हात मीच पुढं केला होता. पण आखाड्यात काटा ठेवा. भाऊजीचा डोळा चांगला आहे, मनाचा भरवसा नाही.

साहेबानं लिहून नेलं, दंगल चालू ठेवावी, तोलल्याशिवाय जोड नाही, डाक्टर हजर पाहिजे, अन् या माणसानं पुन्हा जोड लावू नये. वरच्या सरकारात काय ठरलं ते देव जाणे, आमच्या मंडईत तेच चालून राहिलं. बायको त्या संध्याकाळी बोलली. जेवून घ्या, म्हणाली, बस.

याले सात-आठ वर्षं झाली. मंडईत काट्यापाशी दामोदर बसते, अन् पहिलवानायच्या आधी मले चढवते. ओरडून सांगते, एक्क्याण्णव, गेल्या सालापेक्षा दोन जास्त, माझ्या बहिणीच्या हातचं बरं लागून राहिलं! लोक हासतात, मीही हासतो. घरी जेवाले आला की मी त्याच्या समोरच बसतो, बाजूले कधी नाही, त्याले वळा लागू नये म्हणून. त्याले समजते ते.

घ्या, चहा घ्या. अन् लिहूनच राहिले त शेवटी एवढं लिहा, वाचणाऱ्यायची मान दोन्ही बाजूले वळत राहो.