दोन तासांची बॅटरी

आई : चार दिवस झाले, घरात येतो, हात धुतो आणि खोलीचं दार लावून घेतो. मी काय भिंत आहे?

सून : त्यांच्या डोक्यात काम आहे, आई. फोनच्या टॉवरच्या सामानाचा अंदाज उद्या द्यायचाय.

आई : सामान घेणारे वेगळे, पुरवणारे वेगळे. हा मधे कोण?

सून : कंत्राट किती किमतीचं काढायचं, तो आकडा आधी ठरवावा लागतो. तो ह्यांनी ठरवायचा. दोनशे टॉवर. प्रत्येकाची अँटेना, केबल, यंत्राची पेटी, वीज गेली की टॉवर चालवणारी बॅटरी.

आई : मग करावी बेरीज. मी तिसरीतून शाळा सोडली, मलाही येते.

सून : बेरीज होते, पण मर्यादेच्या वर जाते. खाली राहिली तर ह्यांचे साहेबच सही करतात. वर गेली की मोठ्या समितीकडे. तिथं वर्ष निघून जातं.

आई : म्हणजे कुठंतरी कात्री लावायची. मागल्या खेपेला कशाला लावली?

सून : मला नका विचारू.

आई : तोंडात गुळणी धरलीस तरी डोळे बोलतात तुझे.

(मुलगा रिकामा पेला घेऊन खोलीतून बाहेर येतो.)

मुलगा : आतलं पाणी संपलं.

आई : मागल्या खेपेला काय कापलंस?

मुलगा : कापलं नाही. बॅटरी लहान धरली. आठ तासांची होती, दोन तासांची केली. शहरात वीज दोन तासांच्या वर जात नाही.

आई : आणि डोंगरात?

मुलगा : डोंगरात अकराच टॉवर होते. तिथं पुढच्या खेपेला मोठ्या बसवू, असं ठरलं होतं.

आई : त्या अकरातला एक तुझ्या मावशीच्या घरामागचा.

मुलगा : माहीत आहे मला.

आई : ती गेली तेव्हा चार माणसांत म्हणालास, वादळापुढं कुणाचा इलाज चालतो. मी मान डोलावली.

मुलगा : वादळ होतंच.

आई : सकाळी होतं. वीज तेव्हाच गेली. ती अंगणात पडली दुपारी, ऊन पडल्यावर. सापडली दुसऱ्या दिवशी.

मुलगा : आकडा खाली आणला नसता तर तिथं टॉवरच झाला नसता, आई. काहीच नसण्यापेक्षा...

आई : टॉवर नव्हता तेव्हा ती हाक मारायची. वीस पावलांवर शेजारीण, दिवसभर घरात होती बिचारी. पण हिच्या हातात फोन. माझ्या भाच्यानं टॉवर दिला म्हणून गावभर मिरवायची. ती कशाला हाक मारेल? मारावीशी वाटली असेल तोवर आवाज उरला नसेल.

मुलगा : फोन लावत होती, हे कुणी सांगितलं तुला?

आई : तिचा फोन माझ्या कपाटात आहे. चार दिवसांपूर्वी सूनबाईकडून वाचून घेतला. नऊ वेळा लावलाय.

मुलगा : कुणाला?

सून : तुम्हाला. नऊही वेळा.

आई : बस खाली. पेला ठेव तो. या खेपेला किती तासांची धरलीस?

मुलगा : साहेब म्हणाले, काही झालं तरी आकडा...

आई : मी तास विचारले.

मुलगा : दोन.

सून : अहो, अजून उद्याचा दिवस आहे. बदला ना.

मुलगा : मघाशीच पाठवला.

सून : उद्या द्यायचा होता ना?

मुलगा : उद्यापर्यंत जवळ ठेवला असता तर पाठवायचा धीर राहिला नसता.

आई : परत मागवता येतो?

मुलगा : येतो. कारण लिहून द्यावं लागतं. साहेबांना विचारावं लागतं.

आई : आणि तू विचारणार नाहीस.

सून : विचारा ना एकदा साहेबांना.

आई : नको. कळलं मला. हे बघ, तू हुशार आहेस. जन्मभर चारचौघांत सांगत आले, पुढंही सांगेन. पण भरवशाचा नाहीस. माझ्या फोनात पहिला नंबर तुझा आहे. तो काढून सूनबाईचा घालून घेणार आहे मी. आणि तिचाही लागला नाही, तर हाक मारीन.