सहावी सही

अगा बाप्पा, साहेब, पाय उचला, पाय — हिंगणघाटावर देला न तुमी! मांगं घ्या. नाई नाई, मांगं नको, मांगं सावंगीचा दवाखाना हाय — बाजूनं या, भिताडाकडून. हां. बसा आता खुर्चीवर. रांगोळीच हाय जी, पण आपला जिल्हा हाय तो, चवथीच्या लेकराईनं काल दिवसभर बसून काढला. ते निळी वेणा नदी, हिंगणघाटाले खराखुरा कापूस — तुमच्या बुटाले चिपकला तोच — अन् जामच्या चौकात काडीपेटीचा ट्रक. राहू द्या, पुसू नका, मी नीट करून देतो. रांगोळीत माहा हात कोणी धरत नाई. मी? मी जिजाबाई, शाळेची खिचडी शिजवतो, बारा वर्स झाले. तालुक्यावरून आले न तुमी, मोहिनी मॅडमच्या अर्जाचं पाहाले? वाटलंच मले. मॅडम येतेच आता, लेकराईले घेऊन मांगच्या वावरात गेली हाय, पाटी नाई, पुस्तक नाई, नुसत्या खंजेऱ्या घेऊन. हासता काऊन? सातचा पाढा हाय आज.

काय लिहून राह्यले, माहा जबाब? लिहा, लिहा, मले कायचं भेव! अर्जात काय हाय ते मीच सांगतो न — मॅडम शिकवत नाई, पोट्ट्याईले नाचवते, रांगोळ्या काढाले लावते, हिची बदली करा. बरोबर? साऱ्या गावाले पाठ हाय तो. अर्ज लिहिला हरिदासभाऊनं. शाळा समितीचा अध्यक्ष हाय तो, पाण्याच्या टाकीजवळ किराण्याचं दुकान हाय त्याचं. माणूस वाईट नाई बरं का. पण त्याची समीक्षा चवथीत हाय, अन् त्या पोट्टीनं एक दिवस, बाप जेवून आडवा झालता तवा, आंगनात बाराचा पाढा मांडला — ठिपक्याईचा. बारा ठिपके आडवे, आठ ओळी उभ्या, बारा आठे शहाण्णव. मधातच रांगोळी संपली. मंग काय करन लेकरू? बापाच्या दुकानातली हळद घेतली. पाकिटावर पाकिट फोडलं साहेब! हरिदासभाऊ उठून आला तं आंगन पिवळं, पोट्टी पिवळी, शेजारची बकरी बी पिवळी! मले अजून आठवलं की हासू आवरत नाई, खिचडीत पयटा फिरवता फिरवता हासतो मी. आता तुमीच सांगा, पाढा चुकला का? एक ठिपका चुकला नाई. पण त्याले हळद दिसली, शहाण्णव काई दिसले नाई.

अन् खरा गुन्हेगार लिहाचा असन न, तं माहं नाव लिहा. हो जी! मॅडम नवीन आलती, माह्या पोरीच्या वयाची — अन् दिवाळीच्या सुट्ट्याईआधी मी फाटकात रांगोळी टाकून राह्यलती, पंधरा ते आठची. ते उभीच राह्यली. म्हणे, जिजाबाई, ह्याच्यात ठिपके किती? म्या म्हटलं, कोण मोजते बाई, हातच मोजते. तं ते बसली न खाली, चांगल्या साडीत, धुरोड्यात, अन् लागली मोजाले. एकशे एकोणसत्तर! म्हणे, जिजाबाई, तुमी एवढं गणित रोज मातीत टाकता अन् झाडून टाकता? मले काई समजलं नाई तवा, पण बरं वाटलं, खोटं काऊन बोलू. दुसऱ्या दिवशी घेऊन गेली मले वर्गात. मी — पदराले हात पुसत — फळ्यासमोर! पोट्टे उभे राह्यले अन् एका सुरात म्हणतेत, नमस्ते मॅडम. म्या मांगं वळून पाह्यलं, कोणाले म्हणतेत म्हणून. पण ठिपके टाकाले बसली अन् सारं भेव गेलं. तवापासून ह्या शाळेत आधी ठिपके, मंग रेघ, मंग अक्षर. तो रोशन हाय न, पुस्तक दिसलं की पोट धरून घरी पळे. आता 'क' काढाले बसला तं जेवाले उठत नाई. माही खिचडी थंडी होते त्याच्यापायी.

अन् मी बी शिकली की! खिचडी शिजेलोक बसू कुठं, वर्गाच्या दारातच बसो. माहं नाव पह्यले रांगोळीत काढलं, मंग पाटीवर, मंग पेनानं. अठ्ठेचाळीस वर्साची हाय मी, जनमभर आंगठ्याले शाई लावली, अन् आता चार अक्षरं — जि, जा, बा, ई. चुलीमांगचं भिताड भरवलं कोळशानं. पाहा न, ते तिकडं, अजून हाय. चुना माराले आला होता माणूस, म्या हात नाई लावू देला.

सह्या? असतीन अर्जावर आठ-दहा. लोकाईचं काय जी, कोणी कागद समोर धरला की ठोकतेत सही. पण त्यातली सहावी पाहा साहेब. कशी झोकात हाय! खाली रेघ, अन् रेघेच्या टोकाले फूल, पाच पाकळ्याईचं —

काय म्हटलं? मले कसं ठाव?

असंच... गावात आयकलं. आता गावात काय, सारंच आयकू येते... नाई, थांबा, हे लिहू नका. बरं, लिहा. लिहूनच टाका. माही हाय ते सही.

हरिदासभाऊ आला होता चुलीपाशी, शाईचा डबा घेऊन. म्हणे, जिजाबाई, शाळेच्या कामाचा कागद हाय, आंगठा द्या. आंगठा म्हटलं अन् माह्या तळपायाची आग मस्तकात गेली साहेब! म्या म्हटलं, ठेवा भाऊ तो डबा तिकडं, पेन द्या, सही करतो मी. जिंदगीतली पह्यली सही — खऱ्या कागदावर! वर काय लिहिलं हाय ते पाहाची सुदच नाई राह्यली. मी एवढंच पाह्यलं का खाली जागा किती हाय, फूल बसते का नाई. अन् मंग पयतच गेली मॅडमकडं, सांगाले. तिनं मले पोटाशी धरलं. संध्याकाळी जामवरून पेढे आणले माह्यासाठी. अन् मी खाल्ले ते, चांगले चार खाल्ले.

आठ दिवसानं कळलं कागद कायचा होता. मॅडमले तं त्याची नक्कल आलती, तिनं फूल पाह्यलंच असन. तिनंच शिकवलं होतं न ते. पण एका शब्दानं नाई बोलली मले. रोज बसवते पोट्ट्याईसंगं, म्हणे, जिजाबाई, आज 'क्ष' घेऊ. बोलली असती न साहेब, दोन शिव्या देल्या असत्या तं मी रडली असती अन् मोकळी झाली असती. हे गेली तं मले नाई चालणार. पोट्ट्याईचं नंतर सांगतो, आधी मलेच नाई चालणार.

सही खोडता येत नाई का जी? नाई? बरं. फूल तरी? तेबी नाई.

आयका, आली पलटन — सात सत्ते एकोणपन्नास! खंजेरीवर कसं बसलं पाहा. आता रोशन चुकन... नाई, नाई चुकला!

झालं तुमचं लिहून? सही करू? इथं खाली? द्या — नाई, थांबा. वाचून नका दावू, आणा तो कागद इकडं. मागच्या बारीले घाई केली म्या. नि-शा-णी... निशाणी... डा-वा... साहेब! हे काय हो? मले न इचारताच आंगठ्याची जागा करून ठेवली? खोडा ते. तुमच्याच पेनानं खोडा. हां. आता वरून सुरू करतो, पह्यल्या ओळीपासून. वेळ लागन मले, बसा निवांत. पाय तेवढा सांभाळा, परत हिंगणघाटाकडं निघाला तो. अन् बोलू नका आता. मी वाचून राह्यली.