मॅडम उत्तराला थांबत नाहीत

...आणि वर म्हणतात कशा, "नाऊ युअर टर्न!" म्हणजे आता तुमची पाळी. अहो, पाळी माझी ना? मग थांबा की जरा! मी पदर सावरते, घसा खाकरते, तोंड उघडते, तोवर बाई "व्हेरी गुड! एक्सलंट!" म्हणून पुढच्या वाक्यावर! कसलं एक्सलंट? मी अजून 'आय'सुद्धा म्हटलं नव्हतं! विचारायचं आणि उत्तराला थांबायचं नाही, ही कुठली रीत हो?

तुम्हाला सांगते, मी शाळेत कधी गेले नाही. शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करता करता केस पांढरे झाले. आता तिथेच बटणांच्या बरणीला फोन टेकवून ठेवते आणि त्यातल्या मॅडमकडून इंग्रजी शिकते. व्हिडिओ लावून द्यायचं काम शिंप्याचं. लावून देतो, पण टोमणा मारल्याशिवाय नाही. "मावशी, गिऱ्हाईक आलंय. त्याला हाऊ आर यू करत बसू नका, पँटची उंची विचारा!"

ह्या वयात इंग्रजी कशाला, असं सगळेच विचारतात. आणि विचारून कपड्यांची पिशवी उचलून चालायला लागतात. तुम्ही बसलायत म्हणून सांगते. माझी लेक गेली. म्हणजे आधी लग्न करून दूरदेशी गेली, आणि मागच्या वर्षी तिथूनच पुढे गेली. आजारी होती हे मला कळलं, तेव्हा सांगणारे सगळे हळू आवाजात बोलत होते... असो. जावई परक्या भाषेचा. माणूस भला, पण आमच्यात शब्द एकच, 'हॅलो'. आणि नात, दुधाचे दात पडायच्या वयाची, तिला आपलं एक अक्षर येत नाही. लेक होती तोवर फोनवर मधे बसायची, इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे करायची. मी म्हणायचे, "अगं, पोरीला आपले चार शब्द शिकव." तर म्हणायची, "शिकवू गं आई, सावकाश." सावकाश!

ती गेल्यावर पहिला फोन आला, तो सांगते. ती पोर तिकडे, मी इकडे. ती बघतेय, मी बघतेय. मी हात हलवला, तिनं हलवला. मग काय? किती वेळ हात हलवायचा? मागे जावई उभा, घड्याळाकडे बघतोय. त्याचंही काय चुकलं? दोन मुक्या माणसांना फोन जोडून द्यायचा तरी किती! दर आठवड्याचा फोन पंधरवड्यावर गेला, मग महिन्यावर. म्हटलं, हा फोन बंद पडला की संपलंच. तिच्या आईचं लहानपण पाहिलेलं घरचं माणूस आता मी एकटी उरलेय. तिची आई ह्याच दुकानात कापायच्या टेबलाखाली लपून शिंप्याचा खडू खायची, हे तिला कोण सांगणार? तिचा बाप? त्याला खडू तरी माहीत आहे का?

म्हणून बसले शिकायला. पण मॅडमचं ऐका! म्हणे 'थ' म्हणताना जीभ दातांमध्ये धरा. अहो बाई, जीभ आहे, दात कुठून आणू? फट एवढी मोठी की जीभ धरायला जावं तर बाहेरच येते! शिंपी ओरडला, "मावशी, गिऱ्हाईकाला वेडावून काय दाखवताय!" मग ते व्याकरण. म्हणे तिसरा माणूस आला की शब्दाला 'स' लावायचा. आमच्याकडे तिसरा माणूस आला की चहात पाणी वाढवतात, ह्यांच्यात 'स' वाढवतात! का? तर काही नाही, तसंच असतं. बरं, का म्हणून विचारावं तर बाई कधीच पुढच्या धड्यात. विचारायचं आणि थांबायचं नाही, एवढंच नाही, आपल्यालाही विचारू द्यायचं नाही!

आणि धडे तरी कसले? विमानतळाचा धडा. हॉटेलचा धडा. नोकरीच्या मुलाखतीचा धडा! "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?" मी म्हटलं, बाई गं, पाच वर्षांनी मी बघायला राहिले तर बघू! मला हवं ते कुठे आहे? 'तुझी आई खडू खायची' हे कुठल्या धड्यात आहे? 'तुझी आई झोपेत हसायची' हे कधी येणार? मी रोज वाट बघायचे, आज येईल, उद्या येईल... आलं काय, तर 'माझं सामान हरवलं आहे'. हरवलं खरं.

त्यात माझी आणखी एक गोम. मला लिहिता-वाचता येत नाही, सगळं कानानं घेतलेलं. त्यामुळे धडा डोक्यात बसतो तो दोऱ्याच्या रिळासारखा. टोकापासून ओढला तर सरळ येतो, मधूनच ओढला की गुंता! एक वाक्य हवं असलं तरी पहिल्यापासून म्हणत यावं लागतं. मॅडम सुरुवातीला जे काय बोलतात तेही त्यात आलं. मला काय ठाऊक, त्यातलं इंग्रजी कुठलं आणि जाहिरात कुठली?

झालं. पुढच्या फोनला नातीनं काहीतरी विचारलं. मी डोळे मिटले, हात जोडले आणि सुरू केलं, "हॅलो फ्रेंड्स! वेलकम बॅक टू माय चॅनल! प्लीज लाइक अँड सबस्क्राइब!" डोळे उघडले तर पोर हसतेय. अहो, पोट धरून! आई गेल्यापासून तिला हसताना मी पाहिलंच नव्हतं. पडलेल्या दातांची फट माझ्यासारखीच! मग मी थांबते होय? अख्खं हॉटेल म्हणून दाखवलं. ती वेटर झाली, मी गिऱ्हाईक झाले. "वन सूप, प्लीज. नॉट टू हॉट." तिनं खोटा वाडगा आणून फोनपुढे धरला, मी खोटा प्यायले. शिंप्यानं मशीन थांबवलं होतं.

फोन पुन्हा दर आठवड्याला यायला लागला. विमानतळ झाला, दवाखाना झाला, भाजीबाजार झाला. खडूपर्यंत मात्र पोचले नव्हते. म्हटलं, पोचेन. सावकाश.

गेल्या खेपेला फोन आला तेव्हा पोर एका बाईच्या मांडीवर बसली होती. बाई तिची वेणी घालत होती. हात हलका होता, मी बघितला ना. नात म्हणाली, "ग्रॅनी, धिस इज डॅडीज फ्रेंड. शी विल लिव्ह विथ अस." आणि तुम्हाला सांगते, मला सगळं कळलं! एकूण एक शब्द! कुणी मधे बसून सांगावं लागलं नाही. इतके दिवस घासलं, तर पहिलं न अडखळता कळलेलं इंग्रजी हे. एखादा शब्द सुटला असता तर काय बिघडलं असतं हो?

मग पोरीनं बापाकडे बघितलं, बापानं मान डोलावली, आणि तिनं फार हळू विचारलं, "ग्रॅनी, मे आय कॉल हर मम्मी?"

आणि ती थांबली. मॅडमसारखी पुढे गेली नाही. कुणाची घाई नाही, मागे घड्याळाकडे बघणारं कुणी नाही. इतके दिवस मी ओरडत होते ना, उत्तराला थांबा म्हणून? थांबली बाई!

'नो' मला येत होतं. त्याला कुठला व्हिडिओ लागत नाही, 'नो' सगळ्या जगाला येतं. ओठावर आलंही होतं. पण तिनं विचारलं होतं 'मे आय' म्हणून, आणि 'मे आय' म्हटल्यावर माझ्या डोक्यात तो नोकरीच्या मुलाखतीचा, साहेबाच्या दाराचा धडा सुरू झाला. दारावर टकटक, "मे आय?"... आणि उत्तर आपोआप बाहेर पडलं, "येस." तिथे थांबता आलं असतं, तेवढं पुरे होतं. पण रीळ सुटलं ते सुटलं. "येस, प्लीज कम इन. प्लीज सिट डाउन."

ती बाई रडायला लागली. जावई खाली बघत राहिला. पोर हसली. शेवटी माझीच नात. आणि ह्या खेपेला 'प्लीज' इतकं स्वच्छ आलं होतं, की मॅडमनी ऐकायला हवं होतं!

फोन ठेवला तर शिंपी म्हणतो, "वा मावशी, काय सफाईनं बोललात! कुणी आलंय का हो त्यांच्याकडे?"

"येतेय," मी म्हटलं, "ती बटणं द्या इकडे."

रात्रंदिवस मनात येतं, ती जागा माझ्या लेकीची आहे. पण आता मीच 'या, बसा' म्हटल्यावर, तुम्हीच सांगा, 'उठा' कुठल्या तोंडानं म्हणू?