लाइट नव्हते तो दीड तास

चष्मेवाला : आता सांगा मॅडम, ही काच बरी की आधीची?

बाई : आधीची.

चष्मेवाला : आणि आता?

बाई : काही फरक नाही.

चष्मेवाला : हनुवटी जरा वर. हां. शेवटून दुसरी ओळ वाचा.

बाई : सात, तीन, नऊ... पुढचं पुसट आहे. तुम्ही बाहेर जेवायला जाता का हो कधी? एकटे?

चष्मेवाला : मी? छे हो. घरचा डबा असतो. डोळा मिटू नका.

बाई : नदीकाठच्या त्या मोठ्या काचांच्या हॉटेलात गेला होतात. नऊ वेळा ताट बदलतात तिथं. सहा महिने झाले. गुरुवार होता.

चष्मेवाला : तुमची काहीतरी गल्लत होतेय. तसल्या महागड्या ठिकाणी आमच्यासारख्यांचं काय काम?

बाई : ही चौकट काढते नाकावरची, जड आहे. नंबर वाढलाही असेल माझा, पण त्यासाठी नाही आले मी. हा मोबाइलमधला फोटो बघा.

चष्मेवाला : हे... हे तुमच्याकडे कसं?

बाई : वाचा ना.

चष्मेवाला : नको.

बाई : मला पाठ आहे. "पाच तारे. दुसऱ्या ताटानंतर लाइट गेले ते दीड तास आलेच नाहीत, पण मेणबत्त्या लावल्या आणि जेवण आणखी रंगलं. कित्येक दिवसांनी माणसासारखा जेवलो." खाली नाव, चष्मेवाला. नावाशेजारच्या छोट्या फोटोत तुमच्या दुकानाची अर्धी पाटी. त्या अर्ध्या पाटीवरून शोधत आले. हे चौदावं दुकान.

चष्मेवाला : मी काढून टाकलं होतं ते.

बाई : दुसऱ्या दिवशी. मी रात्रीच फोटो घेऊन ठेवला होता.

चष्मेवाला : तुम्ही हॉटेलवाल्यांच्या कोण?

बाई : कुणी नाही. मीही त्या रात्री तिथंच जेवायला होते, नवऱ्याबरोबर. घरी आल्यावर त्या हॉटेलबद्दल लोकांनी मोबाइलवर काय काय लिहिलंय ते बघत बसले. म्हटलं, आपल्यालाच कळलं नाही की काय ते जेवण. एकीनं लिहिलं होतं, स्वर्ग. एकानं लिहिलं होतं, अडीच तास बसलो आणि घरी येऊन अंडी तळून खाल्ली. आमचे हे त्यावर इतके हसले की ठसका लागला. मग तुमचं वाचून दाखवलं. म्हणाले, ठेव जपून, मनापासून आवडलेला एक तरी निघाला.

चष्मेवाला : मग? चांगलंच लिहिलंय की मी. त्यात कुणाचं काय बिघडलं?

बाई : पाचव्या दिवशी ते गेले.

चष्मेवाला : कोण?

बाई : आमचे हे.

चष्मेवाला : अरेरे. बसा, बसा. पाणी आणतो.

बाई : बसलेलीच आहे मी. पाणी नको.

चष्मेवाला : त्या जेवणामुळं?

बाई : सहाव्या ताटात कच्चे शिंपले होते. आठवतात? ते बर्फावर मांडून आणतात म्हणे. आमच्यापुढे आले तेव्हा खाली नुसतं पाणी होतं. डॉक्टर म्हणाले, त्यातून जंतू रक्तात गेले. थंड राहिले नाहीत की भराभर वाढतात. मध्यरात्री ताप भरला, सकाळी पायावर काळेनिळे फोड. शुक्रवारी, शनिवारी बोलत होते. रविवारपासून नाही.

चष्मेवाला : काय बोलणार मी यावर...

बाई : बोलायचंच आहे तुम्हाला, थांबा. हे जमीन मोजणीच्या कचेरीत होते, चौतीस वर्षं. निवृत्त झाले तेव्हा कचेरीतल्यांनी मिळून दोघांच्या जेवणाचं कुपन दिलं. हे म्हणाले, जन्मभर उन्हात साखळ्या ओढल्या, एकदा थंड हवेत बसून जेवू. पहिलं ताट समोर आलं तर म्हणतात, एवढ्या मोठ्या प्लॉटवर बांधकाम एवढंसंच? वेटरला हसू आवरेना.

चष्मेवाला : आणि मग लाइट गेले, नाही का?

बाई : गेले ना?

चष्मेवाला : म्हणजे... तसं लिहिलंय म्हणून म्हटलं.

बाई : हॉटेलवाले म्हणतात, गेलेच नाहीत. दोन मिनिटांत जनरेटर लागला. वीज कचेरीत नोंद नाही, कारण बिघाड त्यांच्या स्वतःच्या पॅनलमधला. आचारी, वेटर, सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. आणखी दोन टेबलांवरच्यांना जुलाब लागले होते, त्यांना पुन्हा फुकट जेवायला बोलावलं. ते गेले, जेवले आणि गप्प बसले. वकील म्हणतो, तुमच्या नवऱ्याचं लिव्हर आधीच कमजोर होतं. होतंच. जुनी कावीळ होती. म्हणून काय मेलेच असते का त्या आठवड्यात?

चष्मेवाला : हा फोटो दाखवा ना त्यांना.

बाई : दाखवला. म्हणाले, असलं काय कुणीही बनवतं, माणूस आणा. सोमवारी अकरा वाजता अन्न खात्याच्या अधिकाऱ्यापुढे सुनावणी आहे, शेवटची. तुम्ही यायचं, दीड तास लाइट नव्हते एवढं सांगायचं, सही करायची. बस.

चष्मेवाला : मला नाही जमणार.

बाई : सोमवारी दुकान बंद असतं तुमचं. पाटीवर वाचलं मी.

चष्मेवाला : तो प्रश्न नाही.

बाई : तुम्हालाही फुकट जेवण मिळालं का?

चष्मेवाला : अहो, काय बोलताय!

बाई : मग कुणाबरोबर होतात? ते सांगू नका. कुणीही असो, मला त्याच्याशी देणंघेणं नाही.

चष्मेवाला : कुणीही नव्हतं. खरंच एकटा होतो.

बाई : मग भीती कुणाची?

चष्मेवाला : ताईची. थोरल्या बहिणीची. हसू नका.

बाई : सहा महिन्यांत हसलेच नाहीये मी. बोला.

चष्मेवाला : आई दवाखान्यात होती. त्रेचाळीस दिवस. दिवसा ताई, रात्री मी. दुकान बंद केलं की थेट तिकडं. त्या वासात डबा उघडायचा, उभ्याउभ्या दोन घास कोंबायचे, की सलाइन संपलं, की चादर बदलायची. बसमधून उतरलं की वाटेत ते हॉटेल लागायचं. काचेतून लोक दिसायचे. काय खातात त्याकडं लक्ष नसायचं माझं. पण सावकाश खायचे हो. कुणाला कसली घाई नाही. ते बघत उभा राहायचो जरा वेळ.

बाई : आणि त्या गुरुवारी आत गेलात.

चष्मेवाला : नर्स म्हणाली, आज बऱ्या आहेत, झोपल्यात, तुम्ही तासभर बाहेर फिरून या, तुमचाच चेहरा उतरलाय. बिस्किटं आणायला म्हणून निघालो होतो मी. दारातल्या माणसानं विचारलं, एकच का? मी म्हटलं, एकच. फोनचा आवाज बंद केला. कुणी सांगितलं नव्हतं, मीच केला. तासभर म्हटलं होतं, तीन तास बसलो. नऊला टेबलावरच ते पाच तारे लिहिले आणि फोन खिशात टाकला. परत गेलो तर पलंगाभोवती पडदा ओढलेला. नऊ वीसला गेली होती आई. फोनवर नर्सचे सात कॉल.

बाई : आणि बहिणीला काय सांगितलंत?

चष्मेवाला : की मी जवळ होतो. हातात हात होता. आणि... आईचे शेवटचे शब्द म्हणून सांगितले काहीतरी. ताईनं खोदून विचारलं हो, काय म्हणाली, माझ्याबद्दल काही म्हणाली का. तिच्याकडं बघून तोंडातून निघूनच गेलं. म्हटलं, तुझ्याचबद्दल बोलली, पोरीनं फार केलं म्हणाली. ताई त्यावर उभी आहे आज. येईल-जाईल त्याला सांगते. मी सही केली की त्यावर तारीख येणार, वेळ येणार. तिनं तारीख बघितली की पुरे.

बाई : वाईट वाटतं ऐकून. पण सोमवारी या.

चष्मेवाला : दगड आहात का हो तुम्ही?

बाई : असेन. तुमच्या ताईकडं खोटा का होईना, आधार आहे. माझ्याकडं काय आहे, सांगू? ते कच्चं बघून मला मळमळायला लागलं. माझ्या ताटातले सहाच्या सहा मी त्यांच्या ताटात सरकवले. म्हटलं, घ्या, वाया कशाला घालवायचे. ते म्हणाले, बारा म्हणजे फार होतात गं. मी म्हटलं, खा हो, पुन्हा कधी येणार आहोत इथं. आता कुणीतरी एकानं मला सांगायला हवं, की दोष त्या दीड तासाचा होता. बाराचा नव्हता.

चष्मेवाला : वेटरला विचारत होते का ते, की ताटावरचं हे झाकण आपण उघडायचं का, का आपोआप उघडतं?

बाई : तुम्ही बघितलंत त्यांना?

चष्मेवाला : ऐकलं. खिडकीशी होतात तुम्ही. बरेच लोक हसले होते तेव्हा. मीही हसलो.

बाई : हो. तेच ते. हसवायचेच सगळ्यांना.

चष्मेवाला : बाई, एक सांगायचंय. मग तुम्ही मला काय वाटेल ते बोला.

बाई : काय?

चष्मेवाला : एकट्या माणसाला चांगलं टेबल देत नाहीत. मला स्वयंपाकघराच्या दाराशी बसवलं होतं. लाइट गेले तेव्हा बाहेर लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी गाणं म्हणायला लागलं. आत मात्र धावपळ चालली होती. कोण म्हणतंय बर्फ आणा, कोण म्हणतंय बर्फाचं दुकान बंद झालं. मग एक पोरगेला आवाज म्हणाला, शिंपले नको वाढायला, वास घेऊन बघा. आणि दुसरा म्हणाला, लिंबू जास्त पिळ आणि जाऊ दे.

बाई : हे शब्द? असेच?

चष्मेवाला : लिंबू जास्त पिळ आणि जाऊ दे. हेच.

बाई : तुम्ही खाल्लेत?

चष्मेवाला : नाही. रुमालाखाली झाकून ठेवले.

बाई : आणि बोलला नाहीत.

चष्मेवाला : नाही.

बाई : आमच्या टेबलापर्यंत किती पावलं होती?

चष्मेवाला : दहा. बारा असतील.

बाई : हाक मारली असती तरी चाललं असतं. उठायचीसुद्धा गरज नव्हती.

चष्मेवाला : मला वाटलं, आरडाओरडा होईल, मॅनेजर येईल, सगळे उठतील. त्रेचाळीस दिवसांत एक संध्याकाळ मिळाली होती. अजून तीन ताटं यायची होती, बाई. एवढंच होतं डोक्यात. तीन ताटं राहिलीत.

(बाई मोबाइल बंद करून पिशवीत ठेवते.)

चष्मेवाला : बोला काहीतरी. शिव्या द्या.

बाई : शिव्या घरी जाऊन देईन. आत्ता मला तुम्ही धड हवे आहात. ते लिंबाचं सांगाल तिथं?

चष्मेवाला : सांगितलं तर विचारतील, मग तुम्ही गप्प का बसलात. इतके दिवस कुठं होतात. वर्तमानपत्रात येईल.

बाई : येईल.

चष्मेवाला : ताई रोज पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते.

बाई : मग तिनं ते पेपरात वाचू नये. तुमच्या तोंडून ऐकावं. मी बाहेर थांबते.

चष्मेवाला : नका जाऊ. तुम्ही गेलात की मी फोन ठेवून देईन. ओळखतो मी स्वतःला.

(तो फोन लावतो. पलीकडचं बोलणं ऐकू येत नाही.)

चष्मेवाला : ताई? जेवलीस का? ... हां, दुकानातच. नाही, तब्येत बरी आहे. ताई, तू बसलेली आहेस ना? ... घाबरू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. आई गेली त्या रात्रीचं बोलायचंय. ... नाही, ऐक. मध्ये बोलू नकोस, नाहीतर मला जमणार नाही. मी तिथं नव्हतो. ... दवाखान्यात नव्हतो, ताई. नऊ वीसला मी बाहेर होतो. ... जेवायला गेलो होतो. नदीकाठच्या त्या हॉटेलात. ... हो, तेच, काचेचं. ... नाही, एकटाच. ... नाही गं. कुणीच नव्हतं तिच्याजवळ. नर्स आली तेव्हा संपलं होतं सगळं. ... तेही नाही. तेही मीच सांगितलं तुला, बनवून. आई काही म्हणाली असेल-नसेल, मला माहीत नाही. ... ताई? ... ऐकतेस ना? ... ताई, तिथं आणखी एक झालंय त्या रात्री, एक माणूस गेलाय, सोमवारी मला त्याबद्दल सांगायला जायचंय, म्हणून... हॅलो? ... हो. ... हो. ... ठेव.

बाई : ठेवला?

चष्मेवाला : हं.

बाई : रडल्या?

चष्मेवाला : नाही. मागं नळ वाहत होता, तो बंद केला तिनं. मग एकच विचारलं.

बाई : काय?

चष्मेवाला : जेवण चांगलं होतं का.

बाई : मग?

चष्मेवाला : हो म्हटलं.