शुक्रवारचा पिझ्झा आणि मंगळवारचा कोबी

...आणि वर मलाच विचारते, "मॉरीन, तुला जमणार आहे का?" अहो, जमणार आहे का म्हणजे काय? सव्वीस वर्षं झाली मला त्या घरात सून म्हणून येऊन, सव्वीस! दोन मुलं झाली, त्यांची लग्नं झाली, माझे केस पिकले, आणि एवढ्या वर्षांत सासूबाईंच्या स्वयंपाकघरात मला काय करू दिलं असेल सांगा बरं? सॅलडची पानं धुवायला! बस. कणकेला हात लावायचा नाही, टोमॅटोच्या बरणीकडे बघायचं नाही, चीज किसायला घेतलं की "राहू दे गं, बोट कापशील." मी काही बोलले का? नाही बोलले. सॅलडची पानं धुतली.

आता हे विचारणारी कोण, तर माझी नणंद डोलोरेस. आल्डोची मोठी बहीण. आल्डो म्हणजे माझा नवरा, गरीब माणूस आहे, त्याचं नाव पुढे येईलच, आणि आलं की काहीतरी फुटलेलं असेल. आमचं अमेरिकेतल्या क्रॅन्स्टनमधलं दुमजली घर, वर आम्ही, खाली सासूबाई. असुंता नाव त्यांचं, पक्क्या इटालियन, वय चौऱ्याऐंशी, उंची माझ्या खांद्यापर्यंत, आवाज मात्र चर्चच्या घंटेच्या वरताण. मी आयरिश घरची. लग्नात त्यांनी माझ्या आईला सांगितलं होतं, "मुलगी चांगली आहे हो, पण तुमच्याकडे फक्त उकडतात, शिजवत नाहीत." आणि तेव्हापासून मला हाक काय? "ए आयरिश!" मी काही बोलले का? नाही. तेव्हा सॅलडसुद्धा नव्हतं माझ्याकडे.

तर दर शुक्रवारी संध्याकाळी सहाला सासूबाईंकडे पिझ्झा. साठ वर्षं चाललंय हे. ईस्टरच्या आधी लेंटचा उपवासाचा काळ असतो, तेव्हा शुक्रवारी मांस सगळेच सोडतात, पण आमच्या सासूबाई वर्षभर सोडतात, म्हणून वर्षभर पिझ्झा, आणि चौदा माणसं जमणार. त्या पहाटे उठून पीठ मळणार, दुपारभर ते फुगत बसणार, आणि मग चौकोनी ट्रेमध्ये पसरून वर टोमॅटो, चीज, तिसरं काही नाही! एकदा मी नुसतं म्हणाले, थोडा कांदा घातला तर? अहो, असं बघितलं माझ्याकडे, जसं काही मी चर्चमध्ये शिंकले!

आणि यंदा मार्चमध्ये काय व्हावं? सोमवारी सकाळी मागच्या पायरीवर बर्फ होता, त्यावरून सासूबाई घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर. मंगळवारी सेंट पॅट्रिकचा सण, म्हणजे आमचा, आयरिश लोकांचा. मी वर माझ्या घरी पातेलंभर खारवलेलं बीफ, कोबी, बटाटे उकडले. खाली पाठवलं, तसंच परत आलं. गुरुवारी सेंट जोसेफचा सण, म्हणजे त्यांचा, इटालियन लोकांचा. शेजारणींकडून डबेच्या डबे आले. लसणावर परतलेली पालेभाजी आणि पांढरे बीन्स, तळलेला फ्लॉवर. त्यातलंही काही तोंडात घालेनात, शेवटी तेही डबे मी वर आमच्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवले! खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघायचं, एवढंच. सोमवारपासून नुसत्या कॉफीवर.

आणि त्याच गुरुवारी डोलोरेस सगळ्यांसमोर म्हणाली, "मा आता थकली. आता हे शुक्रवार बंद. उद्या मी दुकानातून मागवते, आणि पुढे महिन्यातून एकदा माझ्याकडे भेटू सगळे."

यावर सासूबाई काय म्हणाल्या असतील? मला वाटलं, आता छप्पर उडणार. तर त्या म्हणाल्या, "ठीक आहे."

ठीक आहे?! अहो, ही बाई डॉक्टरशी भांडते, पोस्टमनशी भांडते, टीव्हीवर हवामान सांगतात त्या माणसाशी भांडते! तिच्या तोंडून "ठीक आहे" मी सव्वीस वर्षांत ऐकलं नव्हतं. मला वाटलं, हा शुक्रवार गेला की या बाईकडे उठायचं कारणच उरणार नाही. आणि माझं तोंड माझ्या परवानगीशिवाय उघडलं. "मी करते."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आल्डोसुद्धा! डोलोरेस म्हणाली, "मॉरीन, तुला जमणार आहे का? पीठ मळलंयस कधी? मी सांगते काय करायचं. उद्या साडेपाचपर्यंत ओव्हनमधून काही खाण्यासारखं निघालं तर ठीक, नाहीतर मी दुकानात फोन करते. आणि मग परत हा विषय नको."

मी काही बोलले का? नाही बोलले. पण सॅलडची पानंही नाही धुतली. वर जाऊन घाबरत बसले.

तुम्हाला सांगते, शुक्रवारी शाळेच्या ऑफिसातून मी सुटते तीनला. आता तीनला सुटलेल्या बाईनं पीठ मळायचं कधी, फुगवायचं कधी? सरळ बेकरीत गेले आणि पिझ्झाच्या तयार पिठाचे पाच गोळे आणले, प्लास्टिकच्या पिशव्यांतले, गारगार. सगळं शहर आणतं, पण आमच्या घरात ही वस्तू कधी आली नव्हती! डोलोरेसनं पिशवी दोन बोटांत उचलली, मेलेला उंदीर उचलावा तशी. "विकतचं? माच्या ओट्यावर?" सासूबाई कोपऱ्यात खुर्चीत, डोळे मिटून. पापणी हलली नाही.

मी पहिला गोळा ट्रेमध्ये ठेवला आणि पसरायला लागले. कसलं पसरतंय! कोपऱ्यापर्यंत ओढत न्यावं आणि हात काढला की गोगलगायीसारखं आत! या कोपऱ्यात दाबलं की त्या कोपऱ्यातून पळतंय. मी दोन्ही हातांनी धरलं, कोपरानं धरलं, मला तर गुडघासुद्धा टेकवावासा वाटला! कपाळावर घाम, नाकाला पीठ, आणि डोलोरेस घड्याळाकडे बघून म्हणते, "चार वाजले हो." रडायला आलं मला. खरंच आलं.

आणि कोपऱ्यातून आवाज आला, "झोपू दे त्याला."

मी वळून बघितलं. सासूबाईंचे डोळे मिटलेलेच. "काय म्हणालात, मा?"

"थंडीतून आलंय, अंग आखडलंय त्याचं. मारामारी कसली करतेस? तेल लाव, फडकं टाक, तासभर झोपू दे. आयरिश!"

अहो, चार दिवसांत एवढी वाक्यं पहिल्यांदा! मी पाचही गोळ्यांना तेल लावलं, फडकं पांघरलं, फक्त अंगाई म्हणायची बाकी ठेवली. आणि म्हटलं, आता तोपर्यंत टोमॅटो. सासूबाईंनी ऑगस्टमध्ये भरलेल्या शेवटच्या तीन बरण्या तळघरात होत्या. त्या आणायला कोण गेलं? आल्डो! मी सांगितलं होतं ना? पायऱ्यांवर धाडकन आवाज, मग शांतता, मग खालून बारीक आवाजात, "एक वाचलीय गं."

एक बरणी! एका बरणीत दोन ट्रे होतात, जेमतेम. राहिले तीन. दुकानात जाऊन यायला वेळ नाही. डोलोरेसनं पर्समधून फोन काढून टेबलावर ठेवला. तेव्हा मी म्हटलं, आल्डो, वर जा, आपल्या फ्रिजमध्ये जे काही उरलंय ते सगळं घेऊन ये. आणि सांभाळून! तर त्यानं खरंच सगळं आणलं. मंगळवारचं आणलं, गुरुवारचे डबे आणले, मोहरीची बाटली आणली, माझं खोकल्याचं औषधसुद्धा आणलं!

तासाभरानं फडकं काढलं आणि काय सांगू तुम्हाला, तेच पीठ, तोच ट्रे, मी नुसती बोटं टेकवली तर लोण्यासारखं पसरलं, कोपऱ्यात जाऊन शहाण्यासारखं बसलं. पटापट पाचही केले. दोन टोमॅटोचे. एकावर ती लसणाची पालेभाजी आणि बीन्स, वर चीज. एकावर तळलेला फ्लॉवर हातानं कुस्करून. आणि पाचव्यावर काय? आमचा मंगळवारचा कोबी आणि बटाटा! बटाट्याच्या चकत्या, कोबी पिळून, कांदा, हो, कांदा घातला मी त्या घरात! चेडर चीज आणि भरपूर मिरपूड. आल्डो म्हणतो, "हे बीफ पण घालू का गं वर?" मी, डोलोरेस आणि सासूबाई, तिघी एकदम किंचाळलो, "शुक्रवार आहे!" सव्वीस वर्षांत आमच्या तिघींचं एकमत झालेली ती पहिली गोष्ट.

साडेपाचला डोलोरेसनं फोन हातात घेतला आणि त्याच वेळी वास सुटला. अहो, काय वास! कडा खरपूस होताहेत, चीज बुडबुडतंय, मिरपूड नाकात जातेय... तिनं फोन परत ठेवला. आणि ओव्हनमध्ये डोकावत मी म्हटलं, अगदी गोड आवाजात, "डोलोरेस, तेवढी सॅलडची पानं धुतेस का?" धुतली हो तिनं! आयुष्यात विसरणार नाही.

सहाला सगळे आले. टोमॅटोचे दोन ट्रे तसेच, लोक तुटून पडले उरल्यासुरल्यावर. मी मात्र कुणाकडे बघत होते? सासूबाईंकडे. त्यांनी डाव्या हातानं कोबीचा तुकडा उचलला. उलटा करून बूड तपासलं. वास घेतला. एक घास. चघळला, चघळला, किती वेळ! गिळला. दुसरा घास. तुकडा संपला. दुसरा उचलला! सोमवारपासून कॉफीवर असलेली बाई हो!

आणि तेवढ्यात डोलोरेस, तोंडात घास, म्हणाली, "पण मला एक कळत नाही. आयरिश लोकांच्या कोबीला चव नसते. मग याला एवढी चव आली कुठून?"

आणि तेव्हा मला आठवलं, कुठून आली ते. अहो, आम्ही सेंट पॅट्रिकला कोबी-बटाटे उकडतो कशात? त्याच पातेल्यात! त्याच बीफच्या पाण्यात! मांस नाही घातलं मी, देवाशपथ नाही घातलं, पण ते कोबी-बटाटे मांसाच्या पाण्यात पोहलेले, आणि लेंटचा शुक्रवार, आणि सासूबाई कुठल्या काळातल्या, तर त्यांच्या लहानपणी शुक्रवारी मांसाचं पाणीसुद्धा चालत नव्हतं! आता सांगा, खोटं बोलायचं? लेंटमध्ये? की खरं बोलून सगळा शुक्रवार घालवायचा? चौदा माणसं चघळताहेत. मी म्हटलं, "मा... तो कोबी... बीफच्या पाण्यात उकडलेला आहे."

चौदा तोंडं थांबली. डोलोरेसनं घास बशीत ठेवला. "अरे देवा! मॉरीन! माला शुक्रवारी..."

सासूबाईंनी हातातल्या तुकड्याकडे बघितलं. "यात मांस आहे?"

"नाही मा. फक्त पाणी."

"पाणी."

"हो."

त्यांनी वर छताकडे बघितलं, जरा वेळ, जसं काही कुणाशी हिशेब मिटवताहेत. "पाणी म्हणजे पाणी," त्या म्हणाल्या. "डोलोरेस, तुला पाप वाटत असेल तर तुझा तुकडा इकडे दे."

अहो, काय हशा पिकला! डोलोरेसचा चेहरा लाल, म्हणते, "आणि पीठ? पीठ बेकरीचं आहे, मा! तुझ्या घरात विकतचं पीठ!"

"विकतचं असेल," सासूबाई म्हणाल्या, "पण ते झोपवलं कुणी? मी!" आणि टेबलावर प्लास्टर आपटलं, बशा उडाल्या! "ठीक आहे म्हणे! कसलं ठीक आहे? शुक्रवार इथेच होणार. ही आयरिश करेल. मी बघेन. ए आयरिश, तो कोपऱ्यातला खरपूस तुकडा दे इकडे."

जिंकले हो मी! त्या रात्री आल्डोनं मला जिन्यातच मिठी मारली, आणि या वेळी काहीही फुटलं नाही. पुढच्या शुक्रवारी माणसं किती? एकोणीस! आणि सगळ्यांना काय पाहिजे? कोबीचा. पण उरलेला कोबी आणायचा कुठून, सण तर होऊन गेला! मी ताजा कोबी उकडून घातला, तर एकजात सगळ्यांनी नाकं मुरडली. सासूबाई म्हणाल्या, "याला ती चव नाही. तीन दिवस मुरायला पाहिजे. उरलेलं पाहिजे, उरलेलं!"

आता माझ्याकडे एवढं उरणार कसं? आम्ही घरात दोन माणसं! तर सोपं म्हणून सुरू केलेल्या या पिझ्झासाठी मी आता दर मंगळवारी एकोणीस माणसांचं उकडते, मोठं पातेलं लागतं, ते उचलायलाच दोघं लागतात. परवा आल्डो कामावरून आला, भूक लागलेली, झाकण उघडून मोठ्या आशेनं बटाटा उचलला बिचाऱ्यानं, आणि मी हातावर चापट मारून म्हटलं, "ठेव तो खाली! कळत नाही का, ते उरलेलं आहे!"